बचाव पथक खाणीच्या तोंडाशीच का थांबलं?

वाचकांचे प्रश्न : खाण आणि खाणकामगार

प्रश्न : माझी मुलगी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहते. मागे आम्ही दोघं तिच्याकडे गेलो असताना आगगाडीनं डोंगर ओलांडून ग्रेमाउथला दोन दिवस राहिलो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजोबांनी पाइक रिव्हर खाणीची हकीकत सांगितली. २०१० मध्ये स्फोट झाला, २९ माणसं आत राहिली, बचाव पथक पाच दिवस बाहेर उभं होतं, आणि मग दुसरा स्फोट होऊन सगळं संपलं. आजोबा म्हणाले, आमच्या वाडवडिलांच्या काळी माणसं विचारत बसली नसती, सरळ आत शिरली असती. आता सगळे नियमांच्या आड लपतात. माझ्या यजमानांची सगळी नोकरी कोळसा खाणीच्या लेखा विभागात गेली. त्यांना आजोबांचं पटलं. मला पटलं नाही, पण का पटलं नाही ते नीट सांगता येत नाही. तुम्ही रेस्क्यूमध्ये होतात म्हणून विचारते. ते लोक भ्याले का?
– एक वाचिका, नागपूर

उत्तर : ताई, नाही. भ्याले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे.

त्या दिवशी काय झालं ते आधी पाहू. १९ नोव्हेंबर २०१०, शुक्रवार, दुपारी पावणेचारचा सुमार. पाइक रिव्हर ही खाण ग्रेमाउथच्या ईशान्येला पापारोआच्या डोंगरात आहे. आत जायला दगडातून खोदलेला सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा एक बोगदा, आणि कोळसा त्याच्या पलीकडे. आपल्याकडे वणी-बल्लारपूरकडचा इनक्लाइन, म्हणजे खाणीत जायची तिरकी वाट, खाली उतरतो, तिथला बोगदा आत जाताना वर चढतो. पायी बाहेर पडायची दुसरी वाट नव्हती. दुसरी वाट म्हणून जी दाखवली जायची ती हवा खेळवण्यासाठी खणलेली शंभर मीटरहून उंच विहीर होती, आत शिडी लावलेली. स्फोटानंतर धुरानं भरलेल्या विहिरीतून शिडीनं कोण चढणार? शिवाय हवेचा मुख्य पंखा जमिनीवर नव्हता, तो खाणीच्या पोटात बसवलेला होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून परत तेच वाचलं. गॅसच्या खाणीत मुख्य पंखा बाहेर असतो, म्हणजे आत काही झालं तरी तो हाताशी राहतो. इथे स्फोट झाला आणि पंखाही गेला.

आत ३१ जण होते. त्यांतले दोघं जिवंत बाहेर आले. एक जण पाळीला उशिरा पोचला होता, त्यामुळे तो अजून बोगद्यातच होता. तो बेशुद्ध पडला आणि दुसऱ्यानं त्याला ओढत बाहेर आणलं. स्फोटानंतर सुमारे पावणेदोन तासांनी ते दोघं कुणाच्याही मदतीशिवाय उजेडात आले. आत काय झालंय ते वर कुणालाच कळलेलं नव्हतं. खाणीशी संपर्क तुटला होता, आणि बचाव यंत्रणेला कळवायलाच पाऊण तासाच्या आसपास गेला. कंबरेला लावलेला सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे आणीबाणीत श्वास पुरवणारी डबी, तिथे अर्ध्या तासाचा होता. म्हणजे कुणी वाचून आत बसला असेल तर बचाव पथकाला निरोप जाण्यापूर्वीच त्याच्या कंबरेचा श्वास संपला होता. पाच दिवसांची चर्चा सगळे करतात. मला विचाराल तर ही पहिली पंचेचाळीस मिनिटं जास्त मोलाची होती, आणि ती घालवणारे बचाव पथकातले नव्हते.

पथकं त्याच दिवशी खाणीवर आली. न्यूझीलंडच्या माइन्स रेस्क्यूचं ठाणं तिथून जवळच, रुनांगाला आहे. त्यात काम करणारे लोक त्याच कोळशाच्या पट्ट्यातले, आत अडकलेल्यांचे मित्र, नातेवाईक, कधीकाळी एकाच पाळीत काम केलेले. आजोबांनी ज्यांना नियमांच्या आड लपणारे म्हटलं ती ही माणसं. आत जायला ती आसुसलेली होती. आपलं माणूस आत आहे आणि आपण श्वासाचं यंत्र पाठीला बांधून दारात उभे आहोत, ही अवस्था पाच दिवस काढणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे तो त्यांना भित्रा म्हणणार नाही.

मग ते गेले का नाहीत? तिथेही तेव्हा हाच वाद पेटला होता. काही जुन्या खाणकामगारांचं म्हणणं असं, की पहिला स्फोट झाला की मिथेन, म्हणजे कोळशातून सुटणारा पेटता गॅस, जळून जातो, त्यानंतर काही वेळ दुसरा स्फोट होत नाही, तेवढ्या वेळात आत जाऊन यायचं. ऐकायला पटतं, कारण त्यात थोडं खरं आहे. मिथेन हवेत पाच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत असला तरच स्फोट होतो. पाचाच्या खाली होत नाही, पंधराच्या वर होत नाही, आणि ऑक्सिजन पुरेसा नसला तरीही होत नाही. स्फोटानंतर काही काळ आतली हवा जळकी असते, ती पेटत नाही. पण कोळसा मिथेन सोडायचा थांबत नाही. पंखा बंद, त्यामुळे गॅस साचत जातो. चढत्या बोगद्यातून ताजी हवाही आपोआप आत ओढली जाते. कुठल्यातरी कोपऱ्यात ही दोन्ही मिसळून मिश्रण कधीतरी त्या पाच ते पंधराच्या पट्ट्यात येणारच. आणि आत कुठेतरी कोळसा धुमसत असला तर ठिणगीही तयारच आहे. तो 'काही वेळ' दहा मिनिटांचा की दहा तासांचा, हे सांगायला एकच गोष्ट लागते : आतल्या हवेचा नमुना.

आणि नेमका तोच नव्हता. चांगल्या खाणीत आतल्या निरनिराळ्या जागांपासून वरपर्यंत नळ्या आणलेल्या असतात. वीज गेली, स्फोट झाला, तरी त्या नळ्यांतून हवा ओढून तपासता येते. पाइक रिव्हरमध्ये तशी यंत्रणा नव्हती. आतले विजेवर चालणारे मापक स्फोटातच गेले. मग हेलिकॉप्टरनं जंगलातल्या त्या विहिरीच्या तोंडाशी माणसं उतरवून तिथून नमुने घ्यावे लागले, तेही वारा-पाऊस उतरू देईल तेव्हा. विहिरीच्या तोंडाशी मिळणारी हवा बाहेरच्या हवेत मिसळलेली असते, ती दोन किलोमीटर आतल्या कोळशाजवळची हवा नसते. लष्कराचा रोबो आत पाठवला, तो बोगद्यात साडेपाचशे मीटरवर पाण्यानं बंद पडला. डोंगरावरून एक भोक पाडायला घेतलं, ते २४ तारखेच्या सकाळी आतपर्यंत पोचलं. त्यातून आलेल्या हवेत मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर होता आणि ऑक्सिजन फार थोडा. त्याच दिवशी दुपारी २ वाजून ३७ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. मग २६ ला तिसरा, २८ ला चौथा, आणि नंतर आतली आग दिसू लागली.

ताई, या वेळांकडे जरा थांबून पाहा. पथक आत गेलं असतं तर कधी गेलं असतं? शनिवारी? रविवारी? बोगदाच सव्वादोन किलोमीटरचा, तो चढायचा, पुढे कोळशात शोध घ्यायचा, सापडलेल्याला उचलून परत यायचं. यंत्र चार तासांचं, त्यातला मोठा हिस्सा परतीसाठी राखून ठेवावाच लागतो. एका फेरीत काम होत नाही, पथकामागून पथक पाठवावं लागतं. पाच दिवसांतल्या कुठल्या तासाला आतली हवा पेटायच्या बेतात होती, हे त्या वेळी पृथ्वीवर कुणालाही माहीत नव्हतं.

मी स्वतः एका रेस्क्यू पथकात होतो. आमच्या भागातल्या एका खाणीत जुन्या गोफमधला, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या भागातला, उरलेला कोळसा आपोआप तापून पेटला होता. आम्ही पाच जण यंत्रं बांधून उतरलो. पुढे कॅप्टन, मागे आम्ही, आणि ताज्या हवेच्या ठाण्यावर राखीव पथक. बांधलेल्या भिंतीला भेग पडलेली दिसली, तिच्यातून धूर येत होता, आणि हवा कधी आत ओढली जात होती, कधी बाहेर फेकली जात होती. खाण श्वास घेतेय, असं आमच्याकडचे जुने सरदार, म्हणजे पाळीवरचे मुकादम, म्हणायचे. कॅप्टननं आकडे वहीत टिपले आणि परतीचा इशारा दिला. आम्ही परतलो. वर गर्दी जमली होती. त्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, पगार घेता ना, मग परत कशाला आलात? कॅप्टन त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, सरळ जाऊन मॅनेजरसमोर वही ठेवली. त्या माणसाचा राग मला तेव्हाही कळला होता आणि आजही कळतो. पण जो आत जाऊन मरतो तो आतल्या कुणालाच वाचवत नाही, आणि त्याला आणायला आणखी पाच जणांना जावं लागतं. रेस्क्यूच्या शिक्षणात हे पहिल्या दिवशी सांगतात. पुढचे सगळे दिवस, सरावासाठी केलेल्या गरम, धुरानं भरलेल्या बोगद्यासारख्या गॅलरीत, तेच अंगात मुरवतात.

वाडवडिलांबद्दल आजोबा म्हणाले ते खोटं नाही. त्यांच्याच भागात ब्रुनर खाणीत २६ मार्च १८९६ ला स्फोट होऊन ६५ माणसं गेली. तेव्हा लोक खरोखरच तसेच आत शिरले, आणि विषारी हवेनं एकामागून एक कोसळू लागले. बेशुद्ध पडलेल्यांना ओढत बाहेर काढावं लागलं. १९६७ मध्ये स्ट्राँगमन खाणीत १९ जण गेले, तेव्हाही माणसं लवकर आत गेली आणि बरेच मृतदेह बाहेर आणले. ही आठवण त्या गावांच्या अंगात भिनलेली आहे, म्हणून २०१० मध्ये थांबणं त्यांना सोसवलं नाही. पण दर वेळी खाण वेगळी असते आणि हवाही वेगळी असते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मौरा नंबर दोन खाणीत ७ ऑगस्ट १९९४ ला स्फोट झाला. दहा जण बाहेर आले, अकरा आत राहिले. पथक आत पाठवलं नाही. ९ तारखेला दुसरा, अधिक मोठा स्फोट झाला. खाण बंद केली, ते अकरा जण आजही तिथेच आहेत. त्या दोन दिवसांत कुणी आत असतं तर आकडा अकरावर थांबला नसता.

आता तुमच्या यजमानांची बाजूही नीट मांडतो, कारण त्यांच्या बाजूनंही पुरावे आहेत आणि ते मला अनेक वर्षं सोडत नाहीत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातली सॅगो खाण. २ जानेवारी २००६, सकाळी साडेसहाला स्फोट. तेरा जण अडकले. पथक आत शिरलं ते संध्याकाळी. गॅसचे आकडे, पुन्हा स्फोट होण्याची भीती, मध्येच मागे फिरणं, असं करत अडकलेल्यांपर्यंत पोचायला चाळीस तासांहून जास्त वेळ गेला. बारा जण पडदा बांधून त्याच्या आड बसले होते. त्यांतला एकच जिवंत सापडला. बाकीचे कार्बन मोनॉक्साइडनं गेले, आणि तेही स्फोटानंतर लगेच नव्हे. त्याहून वाईट म्हणजे बाराही जिवंत आहेत असा चुकीचा निरोप बाहेर पोचला. चर्चमध्ये जमलेल्या कुटुंबांनी आनंदानं घंटा वाजवल्या आणि काही तासांनी त्यांना खरं सांगावं लागलं. तिथे थांबणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण थांबण्याची किंमत असते आणि ती माणसांनी मोजली, हे मी नाकारणार नाही. त्यानंतर अमेरिकेनं कायदा केला : पथकं खाणीच्या अधिक जवळ ठेवा, कामगारांना श्वासाची यंत्रं जास्त द्या, संपर्काची साधनं सुधारा. म्हणजे पथकानं बेधडक व्हावं असं कुणी म्हटलं नाही. त्याला लवकर पोचता यावं आणि आतल्याला जास्त वेळ तग धरता यावा, अशी सोय केली.

आणि फ्रान्समधलं कुरिएर. १० मार्च १९०६ ला कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला, १,०९९ माणसं गेली. शोध फार लवकर थांबवला, म्हणून खाणकामगार चिडून संपावर गेले. आणि वीस दिवसांनी, ३० मार्चला, तेरा जण अंधारातून चालत आपल्या आपण बाहेर आले. त्यानंतर तर लोकांचा राग आवरेना, आणि माझ्या मते तो रास्त होता. आत कुणी उरलेलं नाही, असं ठरवायची घाई झाली होती.

म्हणून पाइक रिव्हरबद्दल माझं मत असं आहे. पथकाचं थांबणं बरोबर होतं. न्यायमूर्ती ग्रॅहम पँकहर्स्ट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमलं होतं, त्यानंही २०१२ च्या अहवालात माइन्स रेस्क्यूच्या त्या निर्णयात खोट काढली नाही. चुकलं ते दुसरीकडे. मोहिमेची सूत्रं पोलिसांकडे होती. अधीक्षक गॅरी नोल्स रोज वार्ताहरांसमोर उभे राहून सांगायचे की आणखी जीव धोक्यात घालणार नाही, आणि सगळा राग त्यांच्यावर निघायचा. खाणीचा अनुभव नसलेल्या पोलिसाला हे काम दिलंच कसं, असं पत्रकारांनी त्यांना तोंडावर विचारलं. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, तो प्रामाणिकपणे बोलत होता. पण प्रश्न चुकीचा नव्हता. खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जाणकारांचे प्रस्ताव दूर राजधानी वेलिंग्टनपर्यंत जायचे, तिथे खाण न पाहिलेले लोक ते तपासायचे आणि उत्तर यायला वेळ लागायचा. हे त्या पथकाचं सावधपण नव्हे, ही कागदाची दिरंगाई. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून लोकांची गल्लत होते.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल उघडपणे फार थोडे बोलतात. खाण पेटण्याच्या बेतात असली तर तोंड बंद करून हवा तोडणं हा एक उपाय असतो. धुमसत्या निखाऱ्यावर फुंकर मारणं थांबवायचं, एवढंच. पण तोंड बंद करणं म्हणजे आत कुणी जिवंत नाही, असं मान्य करणं. ते मान्य करायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून तो विचारच बाजूला राहिला. दुसरीकडे, माणसं वाचली असण्याची शक्यता किती, हेही कुणी स्पष्टपणे मांडून कुटुंबांना सांगितलं नाही. कंपनीचे मुख्य कार्यकारी पीटर व्हिटॉल आतल्यांना ताजी हवा मिळत असेल, ते एकत्र बसून वाट पाहत असतील, अशी आशा दाखवत राहिले. २४ तारखेच्या दुपारी कुटुंबांची बैठक भरली. व्हिटॉल यांनी बोलायला सुरुवात केली ती पथक आत जायच्या तयारीला लागल्याच्या बातमीनं. सभागृहात टाळ्या वाजल्या, लोक उठून उभे राहिले. आणि त्यानंतर त्यांनी सांगितलं की दुसरा स्फोट झाला आहे, कुणी वाचणं शक्य नाही. पुढे मृत्यूंच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा, की ते २९ जण पहिल्या स्फोटातच किंवा त्यानंतर लगेचच गेले होते. म्हणजे ज्या पाच दिवसांवरून एवढा वाद झाला त्यांतला बहुतेक वेळ वाचवायला आत कुणी उरलेलंच नव्हतं. जाणत्या खाणकामगारांना शुक्रवारच्या रात्रीच मनातून ते कळलं असेल. कुटुंबांना ते हळूहळू, खरं खरं सांगितलं असतं तर पथकावर भ्याडपणाचा डाग पडला नसता असं मला वाटतं.

राग धरायचाच असेल तर तो कुठे धरावा तेही त्या अहवालात आहे. स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात पोचल्याच्या २१ नोंदी खाणीच्या आपल्याच कागदांत होत्या. त्याहून कमी, तरीही धोकादायक पातळीच्या आणखी २७. म्हणजे जवळपास रोज एक. मी ओव्हरमन, म्हणजे पाळीचा पर्यवेक्षक, असताना अशी एक नोंद पडली तरी ते पॅनेल, म्हणजे खाणीचा तेवढा भाग, बंद व्हायचं, वीज तोडली जायची, माणसं बाहेर काढली जायची. तिथे उत्पादन सुरू राहिलं. सरकारकडे साऱ्या देशाच्या खाणींसाठी मूठभरच निरीक्षक होते. अहवाल आल्यावर कामगारमंत्री केट विल्किन्सन यांनी ते खातं सोडलं, नवा कायदा झाला. कंपनी दोषी ठरली, पण ती तोवर दिवाळ्यात निघालेली होती. व्हिटॉल यांच्यावरचे आरोप २०१३ मध्ये मागे घेतले गेले, त्याच वेळी कुटुंबांसाठी भरपाईची रक्कम भरली गेली, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो व्यवहार बेकायदा ठरवला.

आणि ताई, पुढे एक वेळ अशी आली की थांबा म्हणणारे चुकीचे होते आणि कुटुंबं बरोबर होती. खाण नंतर सरकारी मालकीच्या कंपनीकडे गेली. तिनं २०१४ मध्ये ठरवलं की बोगद्यातही पुन्हा शिरायचं नाही, धोका आहे, आणि पुढे तोंड कायमचं काँक्रीटनं बंद करायला काढलं. २०१६ मध्ये कुटुंबांनी खाणीचा रस्ता अडवला. त्यांनी स्वतः जगभरातले तज्ज्ञ गाठले होते. नायट्रोजन भरून आतला मिथेन हुसकून लावता येईल, मग ताजी हवा सोडून पायरीपायरीनं पुढे जाता येईल, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. आता आतल्या हवेचे आकडे हातात होते, आणि घाई कसलीच नव्हती. सरकार बदललं, वेगळी यंत्रणा नेमली, २१ मे २०१९ ला तोंड उघडलं. २०२१ च्या सुरुवातीला माणसं सव्वादोन किलोमीटरवरच्या दगडांच्या ढिगाऱ्यापर्यंत पोचली. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मृतदेह त्यांना तिथे मिळाले नाहीत, ते ढिगाऱ्याच्या पलीकडे आहेत. पण त्याच साली पोलिसांनी भोकांतून कॅमेरे सोडले आणि आत मानवी अवशेष दिसले. माहिती नसताना थांबणारा आणि माहिती हातात आल्यावरही थांबणारा, या दोघांना मी एका मापानं मोजणार नाही. यजमानांना एवढं नक्की सांगा.

प्रश्न : तुम्ही लोकांनी किती कारणं द्यायची? १९८९ मध्ये महाबीर कोलियरीत जसवंतसिंग गिल स्वतः कॅप्सूलमध्ये बसून खाली उतरले आणि ६५ माणसं वर काढली. सिल्कियाराचे ४१ मजूर १७ दिवसांनी बाहेर आले. तिथे कुणी थांबलं नाही. मनात आणलं की होतं.
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : गिलसाहेबांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण राणीगंजच्या त्या महाबीर खाणीत पाणी शिरलं होतं, आणि माणसं उंचावरच्या भागात जिवंत होती. वरून पाडलेल्या भोकातून त्यांच्याशी बोलता आलं, अन्न पाठवता आलं. सिल्कियाराचा बोगदा कोसळला होता, तिथे पहिल्या दिवसापासून नळीतून हवा जात होती आणि आतले आवाज येत होते. दोन्हीकडे आतली हवा श्वास घेण्याजोगी होती, आणि माणसं आहेत कुठे ते माहीत होतं. गिलसाहेबांनीही विहिरीत उडी टाकली नव्हती. योग्य रुंदीचं भोक पाडून घेतलं, कॅप्सूल बनवून घेतली, आणि मग स्वतः पहिले उतरले. १३ नोव्हेंबरला पाणी शिरलं, १६ ला माणसं वर आली. मधल्या दिवसांत त्यांनी तयारी केली.

मिथेनचा स्फोट झालेल्या खाणीत यातलं काहीच नसतं. पाणी दिसतं, दगड दिसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आमच्या उमेदीच्या काळात पिंजऱ्यात मुनिया घेऊन जात असू, ती काठीवरून घसरली की मागे फिरायचं. आता हातात यंत्र असतं. पण निर्णय तोच. आणि तयारी झाल्यावरही धोका टळत नाही. अमेरिकेत युटामध्ये क्रँडल कॅन्यन खाण २००७ मध्ये कोसळली. आत सहा जण होते. पथक त्यांच्या दिशेनं खोदत होतं आणि दहाव्या दिवशी बाजूची भिंत फुटून बचावकर्त्यांतलेच तिघं गेले. त्या सहांपैकी कुणीही मिळालं नाही.

प्रश्न : माझे पती वणी भागातल्या भूमिगत खाणीत आहेत. त्यांनी रेस्क्यू ट्रेनिंगसाठी नाव दिलं आहे. मला अभिमानही आहे आणि झोपही लागत नाही. 'नको जाऊ' असं म्हणणार नाही. पण मी त्यांना काय विचारावं, म्हणजे मला कळेल की ते सुरक्षित आहेत?
– एक वाचिका, वणी

उत्तर : बाई, तुम्ही नको म्हणत नाही, हेच मोठं आहे. रेस्क्यूमध्ये जाणारा माणूस इतर कामगारांपेक्षा जास्त शिकलेला, जास्त तपासलेला असतो. त्याची छाती, रक्तदाब, डोळे वेळोवेळी पाहतात. सराव सुटला तर त्याला पथकात उतरू देत नाहीत. या बाबतीत मनाला थोडा विसावा द्या.

विचारायचं असेल तर रेस्क्यूबद्दल आधी विचारू नका. रोजच्या पाळीबद्दल विचारा. कंबरेचा सेल्फ रेस्क्यूअर रोज घेऊनच उतरता का, की जड होतो म्हणून लॅम्प केबिनमध्ये राहतो? तो डोळे मिटून अंधारात उघडून तोंडाला लावता येतो का? घरी दिवा घालवून एकदा रिकाम्या हातानं त्याच्या सगळ्या पायऱ्या करून दाखवायला सांगा. तुमच्या पॅनेलमधून बाहेर पडायच्या दोन वाटा कुठल्या, आणि दुसऱ्या वाटेनं तुम्ही शेवटचं कधी चालून आलात? नकाशावर बोट ठेवून नव्हे, पायांनी. गॅसची नोंद पडली तर सरदार माणसं बाहेर काढतो की थोडं थांबून बघू म्हणतो? यातल्या एखाद्या प्रश्नाला ते अडखळले तर रागावू नका. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी युनियनच्या माणसाला आणि सेफ्टी कमिटीतल्या कामगार प्रतिनिधीला तो प्रश्न विचारलाच पाहिजे, एवढं वचन घ्या. रोज उतरणाऱ्या कामगाराला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

रेस्क्यूबद्दल एकच विचारा : तुमच्या पथकाचा कॅप्टन कोण आहे, आणि त्यानं परत फिरा म्हटलं की तुम्ही फिराल ना? ते लगेच हो म्हणाले तर त्यांना जाऊ द्या. आणि एखाद्या दिवशी ते काम अर्धवट टाकून वर आले, गर्दीतलं कुणी त्यांना काही बोललं, तर तुम्ही त्यांच्या बाजूनं उभ्या राहा.